उभ्याची साक्ष

शब्द विचारायला गेलं की तो आधी शब्दकोड्यावर पंजा ठेवायचा. कोळशाने काळा झालेला, टोपलीवर झाकण बसवावं तसा घट्ट. मग मान वर न करता म्हणायचा, "आडव्याला उभ्याची साक्ष हाय काय? नाय ना? मग जा, घेऊन या."

मला हा माणूस आवडत नव्हता. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा नको. त्यालाही मी आवडत नव्हते. तुमच्याही नोकरीत असं कोणीतरी असेलच, ज्याची नुसती चाहूल लागली तरी कपाळाला आठी पडते.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. बोईसरच्या एमआयडीसीत रंग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी टायपिस्ट होते. सासर पालघरला, माहेर मासवणचं. तो बॉयलरवर होता, एडवणचा. भाऊ सगळे होडीवर, हा एकटा भट्टीपुढे. आमची सुटी शुक्रवारी, त्यामुळे रविवारी कारखाना चालू, आणि रविवारच्या पेपरात मोठं शब्दकोडं. कारखान्यात पेपर एकच यायचा. पहिल्या पाळीला आलेला हा माणूस तो गेटवरूनच उचलायचा, आणि माझ्या टेबलावर येईपर्यंत कोडं भरून झालेलं असायचं. तेही शाईने. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शेवटी मी साहेबांकडे तक्रार केली. हा ड्युटीवर कोडी सोडवतो, उद्या बॉयलरचं काही झालं तर जबाबदार कोण, असं अगदी काळजीच्या सुरात सांगितलं. साहेबांनी त्याला चार लोकांसमोर झापलं. जाताना त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तो गेला.

पुढच्या रविवारी कोरं करकरीत कोडं माझ्या टेबलावर आलं. मी पेन्सिलीला टोक करून बसले. जेवणाच्या सुटीपर्यंत अर्धंही झालं नाही. संध्याकाळी घरी नेलं, तरी नाही. तेव्हा लक्षात आलं की वर्षभर त्याच्यावर चरफडत मी त्याचीच उत्तरं वाचत होते, आणि कोडं आपल्याला येतं अशी स्वतःची समजूत करून घेत होते. लाज वाटली, पण त्याहून जास्त त्याचाच राग आला.

तीन रविवार तग धरला. चौथ्या रविवारी पेपर घेऊन बॉयलर हाऊसच्या दारात उभी राहिले. त्याने पंधरा मिनिटं मला तिथेच तापत ठेवलं. मग म्हणाला, "साहेबाला इचारा ना." मी परत फिरले, तेवढ्यात मागून आवाज आला, "कुठला अडला?"

शब्द मात्र तो मला थेट द्यायचा नाही. पंजा ठेवायचा आणि साक्ष मागायचा. बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दोन काचा असतात. एक तुंबली तर ती आत पाणी नसतानाही पाणी दाखवते, म्हणून दोन्हींत सारखं दिसलं तरच खरं मानायचं, हा त्याच्या कामाचा नियम. तोच नियम त्याने कोड्याला लावला होता. आडवा शब्द सुचला तरी त्याला छेदणारा उभा जुळल्याशिवाय तो पेन टेकवायचा नाही. मला घाई फार. मी एक शब्द सुचला की लिहून मोकळी. "ऑफिसात पंखा हाय तरी तुमचं डोकं तापलेलं कसं?" असं तो तोंडावर विचारायचा. अशी आमची दोन वर्षं गेली. हसून बोललो असू असं एकदाही आठवत नाही.

मग दिवाळीचं कोडं आलं. पेपरातलं कुपन भरून पाठवायचं, सगळं बरोबर आलेल्यांची नावं छापून येणार. माझं नाव छापून यावं ही माझी फार दिवसांची हाव. माझी जाऊ येताजाता 'पेपर रंगवते' म्हणून हसायची, तिच्यापुढे तो पेपर टाकायचा होता. या खेपेला त्याने आठ-दहा शब्द थेट सोडवून दिले. एकाच शब्दावर अडलं. 'पौर्णिमेला समुद्राला', तीन अक्षरं. मी शाईने 'भरती' लिहून ठेवलं होतं.

"उधाण," तो म्हणाला. "भरती रोजची, बाय. दिवसातून दोनदा येते. पुनवेला येतं ते उधाण."

मी नदीकाठची. भरती काय नि उधाण काय, मला पाणी ते पाणी. पण सगळे मला मॅडम म्हणत आणि हा एकटा बाय, तेही टोचलं. मी म्हटलं, भरतीच बरोबर आहे, खाली साक्षही आहे. मधल्या 'र'वरून 'पडते पाणी' या सूचनेला मी ओढूनताणून 'रव' बसवला होता. पाणी पडलं की आवाज होतोच की.

"तिथं 'धार' हाय. तुमची साक्ष खोटी हाय," तो म्हणाला. मग पंजा उचलून शर्टाला पुसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "माझंबी नाव टाका. आयला दाखवीन."

दोन वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं, एका कुपनावर एकच नाव चालतं. खरं तर नियम मी वाचलेच नव्हते. 'भरती' तसंच ठेवून, माझं एकटीचं नाव घालून कुपन पाठवलं.

निकाल आला. उत्तर 'उधाण'. यादीत माझं नाव नव्हतं, आणि जोडीने पाठवलेल्यांची नावं मात्र ठिकठिकाणी होती. तो पेपर मी घडी करून खणात टाकला. त्याने निकाल विचारला नाही. मी पुन्हा बॉयलरकडे गेले नाही.

पुढे कोळशाचा बॉयलर काढून तेलावरचा आला आणि त्याला कामावरून कमी केलं. ते पत्र मीच टाईप केलं. एकही चूक केली नाही. सही करायला आला तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता आणि मी टाईपरायटरकडे.

त्यानंतर चार वर्षांनी बॉयलरच्या तपासणीसाठी जुन्या लॉगशीट हव्या होत्या. फायलिंग माझंच, पण त्या मी कधी उलटून बघितल्या नव्हत्या. त्या दिवाळीतल्या एका शीटच्या मागे, पट्टीने रेघा मारून, त्या कोड्याचं घर न् घर त्याने हाताने उतरवलेलं होतं. पेपर तर माझ्याकडे होता, म्हणजे आठवून आठवूनच काढलं असणार. असलं हाताने काढलेलं कुपन कोणी घेत नाही, हे त्याला माहीत असणारच.

सगळी घरं भरलेली होती. 'उधाण', आणि त्याच्या मधून खाली उतरणारी 'धार'. तळाशी नावाची रेघ. तिच्यावर आधी माझं नाव होतं आणि मग त्याचं.