बेसची वायर ट्रसवरून

तिसऱ्या गाण्यात बेस पुन्हा गेला. आधी फरफर, मग दोन ओळी नुसती शांतता, मग एकदम धप्प. ऑर्केस्ट्राचे मालक प्रकाशभाऊ तरातरा माझ्या मिक्सरपाशी आले.

"पुढच्या प्रोग्रामपासून बेस कीबोर्डवरच वाजवून घेऊ. पल्लवीले तू सांगून देजो."

देवळीच्या एका लॉनवर रिसेप्शन होतं. साउंड माझा. पल्लवी आमची बेस वाजवणारी, दिवसा शाळेत शिक्षिका. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिचा आवाज कुणाला वेगळा ओळखू येत नाही, पण ती नसली की गाणं पोकळ लागतं. पल्लवीइतका तालाचा पक्का हात मी या भागात दुसरा पाहिला नाही. तिला घरी बस म्हणणं माझ्या जिवावर आलं.

"भाऊ, तिची चूक नाई. वायरलेस दगा देऊन राह्यलं."

"मंग साउंड चेकले कसं मस्त वाजून राह्यलं होतं?"

प्रश्न बरोबर होता. वायरलेसमध्ये गिटारला छोटा ट्रान्समीटर लावतात आणि अँप्लिफायरजवळ रिसीव्हर. आमच्या सेटचा सिग्नल माणसांच्या गर्दीतून धड जात नाही. साउंड चेकला, म्हणजे प्रोग्रामआधीच्या चाचणीला, आमचं स्टेज रिकामं होतं. आता पाहुणे वर चढून पल्लवीभोवती गोल करून नाचत होते. आमच्याकडे जवळच्या पाहुण्याला खाली नाच म्हणणं म्हणजे रुसवा ओढवून घेणं. पहिल्यांदा बेस गेला तेव्हा रिसीव्हर उंच बांधून पाहिला. एक गाणंभरच टिकला.

"वायर लावतो," मी म्हणालो.

"काऊन? इसरला का? मागं एका लग्नात नवरदेवाचा मामा वायरीत अडकून ड्रमवर पडलता. त्याच्यापायीच तर वायरलेस घेतलं!"

"पायात येणारच नाई. वरून आणतो."

तेवढ्यात नवरा-नवरीच्या स्टेजवर पुढाऱ्यांचे सत्कार सुरू झाले आणि आमची गाणी थांबली. एरवी त्या शाल-श्रीफळांचा मला वैताग येतो. त्या दिवशी वाटलं, येऊ द्या अजून चार पुढारी!

मी शिडी लावून ट्रसवर, म्हणजे लाइट टांगायच्या लोखंडी चौकटीवर, हात घातला. गिटारची वायर फार लांब नेली की आवाज मेंगळट होतो. म्हणून मध्ये डीआय बॉक्स लावतात. ही डबी गिटारचा सिग्नल लांबच्या प्रवासाला तयार करते. ती ट्रसला आवळली. तिथून माइकची लांब वायर मिक्सरपर्यंत, आणि गिटारची आखूड वायर खाली पल्लवीकडे. कुणी ओढली तरी पिन निघू नये म्हणून ती गिटारच्या पट्ट्यातून फिरवून घेतली.

"सर, आता तर बंद नाई पडणार?" पल्लवीचा चेहरा उतरला होता. प्रकाशभाऊंचं बोलणं तिच्या कानावर गेलं असावं.

"वाजव तू बिनधास्त."

सत्कार संपले. नवरीच्या मावश्या, काका, मित्रमंडळी, सगळे झुंडीनं आमच्या स्टेजवर. पल्लवीनं पहिला सूर छेडला आणि माझ्या मिक्सरचं टेबल थरथरलं. फरफर नाही, काही नाही. मावश्यांनी तिला मध्ये घेऊन फेर धरला, वायर वरच्या वर फिरत राहिली. मी एवढा खूश झालो की एकटाच टाळ्या पिटत होतो.

गाणं संपलं तशी लोकांनी वन्समोअर मागितला. प्रकाशभाऊंनी स्वतः माइक घेतला. "बेसवर आमच्या पल्लवी मॅडम!" कीबोर्डचा विषय त्यांनी परत काढला नाही.

वायरलेस मी फेकलेलं नाही. मोकळ्या स्टेजवर ते छान चालतं. फक्त साउंड चेक आता रिकाम्या स्टेजवर घेत नाही. मंडपवाले, वाढपी, जे सापडतील त्यांना वर बोलावतो आणि आधी नाचायला लावतो.