डोंगराचं खोगीर

“घोड्याएवढं गाढव आणि ताडाएवढी पोरगी! दोन्ही माझ्याच नशिबी!” बाप कडाडला.

“पोरीला कशाला बोलतोस दादा? ती तिघांचं काम उपसते. पण ते धूड फाटकाशी जाऊन अडतं. शनिवारी व्यापारी येतोय, देऊन टाक,” काका म्हणाला.

भिंतीपलीकडे शिडी पोती शिवत बसली होती. दाभण बोटात गेलं, ते उपसून तिनं पुढचा टाका घातला. एकोणीस वर्षांची पोर, उंच फळीवरची बरणी काढायची म्हटलं की घरादाराला तिचीच आठवण, म्हणून नाव पडलं शिडी. गाढवाचं नाव डोंगर. उभं राहिलं की कान गोठ्याच्या छपराला टेकायचे. तो गेला तर या घरात आपल्या मापाचं उरणार कोण?

डोंगराला डेअरीत दूध पोचवायला आणलेला. पाठीवर दोन कॅन चढवले की फाटकापर्यंत यायचा आणि तिथंच खुंट! काठी उगारली तर खुशाल बसकण मारायचा. बाप म्हणायचा, आळशी. काका म्हणायचा, माजोरी.

शुक्रवारी दुपारी डोंगराजवळ बसून शिडीनं बूट काढले. चुलतबहिणीचे जुने, दोन बोटं आखूड. त्या घराची रीतच तशी, फाटेपर्यंत वापरायचं, आणि एकाला बसतं ते सगळ्यांना बसतंच असं धरून चालायचं. टाचा सोलून निघालेल्या. उठताना तिनं डोंगराच्या पाठीवर हात टेकला, तसं त्यानं अंग चोरलं. केस बाजूला करून बघते तर दोन्हीकडे तळहाताएवढं टक्कल, लालेलाल.

“अगं बाई! तुलाही दुसऱ्याचंच होय रे?”

खोगीर आधीच्या गाढवाचं होतं. आणि ते गाढव म्हणजे याच्या पोटाखालून जाईल एवढं.

तिनं खोगीर उसवलं, आपली गोधडी कापली आणि संध्याकाळपर्यंत दीडपट रुंद करून शिवलं. ही काही नुसती खोगीरभरती नव्हती, जिथं बोचत होतं तिथं मुद्दाम खळगा ठेवलेला.

शनिवारी व्यापाऱ्यादेखत तिनं कॅन चढवले.

“उगाच शोभा करू नकोस,” बाप म्हणाला. “फाटकाशी अडेलच तो.”

“चल रे,” शिडी म्हणाली.

डोंगर फाटकाशी आला. थांबला. त्यानं एकदा पाठ हलवून पाहिली आणि चालू लागला, चढ चढून पार वळणाआड.

“अरे, हा तर चालतो!” काका.

“चालणारच. बोचत होतं त्याला,” ती वळणावरून ओरडली.

व्यापारी पाणी पिऊन हात हलवत गेला. मग बापाची नजर परतलेल्या लेकीच्या पायांकडे गेली. सोमवारी तिला घेऊन तो स्वतः चांभाराकडे गेला. चांभारानं माप घेतलं आणि म्हणाला, “कातडं जास्त लागेल हो.”

“लागू दे,” बाप म्हणाला. एवढंच.

त्यानंतर चोवीस वर्षं शिडी आणि डोंगर रोज सकाळी डेअरीत जात राहिले. खोगीर चारदा उसवलं, चारदा शिवलं, दर वेळी त्याच्याच मापानं. मग डेअरीची गाडीच दूध न्यायला दारात यायची ठरली. आदल्या सकाळीही तिनं नेहमीसारखे कॅन चढवले, चढापाशी पट्टा एक भोक सैल केला, दूध पोचवून परत आली. खोगीर उतरवून खुंटीला अडकवलं आणि पाठीवर हात फिरवून पाहिला. केस जागच्या जागी होते.

“शहाणा माझा,” म्हणाली, आणि बूट काढून बसली.