अकरा पानांचा करार

सरलावहिनी माझ्या मामेभावाची, जयरामची बायको. वैभववाडीपासून आत, खांबवाडीत त्यांची भातशेती आणि काजूची बाग. शिक्षण सातवीपर्यंत, पण बोलायला खणखणीत. म्हणून वाडीने तिला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. तिची दिव्या तेव्हा दुसरीत होती.

शाळा जिल्हा परिषदेची. पट एकोणीस मुलांचा. ती बंद करून मुलांना वहाळापलीकडच्या शाळेत पाठवणार अशी कुजबुज सुरू झाली होती, आणि पावसात तो वहाळ मोठ्या माणसालाही ओलांडता येत नाही. अशात शहरातली एक संस्था आली. शाळा सरकारचीच राहील, फी एक रुपया नाही, फक्त चालवू आम्ही, असं त्यांचं म्हणणं. शिक्षक त्यांचे, शिकवण्याची पद्धत त्यांची. प्रायोगिक योजना होती ती.

वाडीला दुसरं काय हवं होतं! मंडप घातला, नारळ फुटला, फोटो निघाले. कोणीतरी कागद पुढे केला आणि वहिनीने माईकशेजारी उभ्याउभ्याच सही ठोकली. करारात काय आहे हे कोणी विचारलं नाही. "फुकट आसा, बरां आसा, आनी काय विचारूचां?" असं तीच मला तेव्हा म्हणाली होती.

आणि खरंच बरं चाललं. तीन तरुण शिक्षिका आल्या. त्यांतली सावंतवाडीची दीपिका तर वाडीतच खोली घेऊन राहिली. भिंतीवर मोठा टीव्ही लागला. पोरं इंग्रजीत गोष्टी सांगू लागली. दीड वर्षात पट एक्केचाळीसवर गेला.

नोव्हेंबर संपता संपता एक पत्र आलं. वहिनी कुळथाच्या शेतात होती. दीपिका पत्र घेऊन तिथेच धावत आली. एकतीस जानेवारीनंतर संस्था शाळा चालवणार नाही, एवढंच दोन ओळींत लिहिलं होतं. संस्थेला पैसे पुरवणाऱ्या देणगीदाराने हात आखडता घेतला होता, हे मागाहून कळलं.

"गो, वर्साच्या मधीच? आनी पोरां खंय जातली?"

"ताई, मलाही आत्ताच कळलं," दीपिका म्हणाली आणि बांधावर बसून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी वहिनी तालुक्याच्या ऑफिसात गेली. असं मध्येच सोडून जायची परवानगी यांना दिली कोणी, हा जाब तिला विचारायचा होता. तिथल्या साहेबांनी शांतपणे फाईल काढली, शेवटचं पान उघडलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"साठ दिवसांची नोटीस देऊन संस्था बाहेर पडू शकते, असं यात लिहिलंय. ही सही तुमचीच ना?"

सौ. सरला जयराम धुरी. अक्षर तिचंच होतं, आणि सुबकही आलं होतं. मला हे सांगतानासुद्धा तिचा आवाज खाली गेला. "भावजी, कानात नुसतो सूं आवाज. वाटलां, माझ्याच हातान मी शाळा मोडलंय."

मग उठून म्हणाली, "साहेब, मला याची प्रत मिळेल?"

अकरा पानं निघाली. रोज शाळा सुटल्यावर दीपिका वाचायची आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगायची. वहिनीला एकेक धक्का बसत होता. शिक्षिका कायम नव्हत्या, दर वर्षी त्यांची नेमणूक नव्याने व्हायची. दर सहा महिन्यांनी मुलांची प्रगती पालकांना दाखवायची होती. ती कोणी मागितलीच नव्हती, म्हणून कोणी दाखवलीही नव्हती. नववं कलम मात्र दीपिकाने दोनदा वाचलं. नोटीस दिली तरी समितीची लेखी संमती असल्याशिवाय संस्थेला चालू शैक्षणिक वर्षात शाळा सोडता येणार नव्हती.

"परत वाच," वहिनी म्हणाली.

आठवड्याने संस्थेचा माणूस गाडी घेऊन आला. गुरुप्रसाद नाव, वागायला अगदी नम्र. पालक वर्गात जमले होते. "ताई, एवढी एक संमती द्या. टीव्ही आम्ही इथेच ठेवून जातो," तो म्हणाला.

"आणि संमती नाही दिली तर?"

"तर... तशी ती नुसती औपचारिकता आहे."

वहिनीने नववं कलम त्याच्यापुढे धरलं. त्याने ते वाचलं. त्याने पुन्हा वाचलं. करार त्यांनीच केलेला, आणि संमतीशिवाय जाताच येत नाही हे त्यालाच ठाऊक नव्हतं!

"तुमीपण वाचूक नाय?" वहिनीच्या तोंडून निघून गेलं.

तो फोन घेऊन बाहेर फणसाखाली गेला. बराच वेळ येरझाऱ्या घातल्या. आत येऊन एवढंच म्हणाला, "परीक्षेपर्यंत आम्ही आहोत."

संस्थेने शब्द पाळला. पण भरवसा न वाटून धास्तीने चौदा मुलांचे दाखले जानेवारीतच निघाले होते आणि ती मुलं परत आली नाहीत. मे महिन्यात दीपिका गेली. दिव्या दोन दिवस धड जेवली नाही.

पुढे काय, हे वहिनीने संस्थेवर सोडलं नाही. सगळ्या पालकांच्या सह्या घेऊन ती ऑफिसात तीनदा गेली. जूनमध्ये शाळा पुन्हा जिल्हा परिषदेकडे आली आणि दोन शिक्षक मिळाले. इंग्रजी गोष्टी थांबल्या. टीव्ही संस्थेने नेला, तिथे भिंतीवर चार भोकं राहिली.

आता लांबलांबच्या गावांतूनही तिला फोन येतात. मिठबावहून एका बाईने विचारलं, "संस्था चांगली की वाईट?"

"शिकवल्यानी बरां, खोटां कित्याक बोला?" वहिनी म्हणाली. "पण मास्तर कोणाचे, ते किती वर्सां रवतले, आनी संस्था गेली तर दुसऱ्या दिवशी वर्गात कोण उभो रवतलो, ह्यां आदी विचारा. उत्तर तोंडी घेव नका."