कमी न होणारा भत्ता

दिवाळीआधीचा शुक्रवार: वेतनकरारावर सह्या. जबाबदार: कारखान्याचे व्यवस्थापक, ज्यांना भाव चढणार हे ठाऊक असणारच, आणि आमच्या युनियनचे अध्यक्ष, जे म्हणाले, "उरका राव, सण तोंडावर आलाय." त्यानंतरचा गुढीपाडवा: डाळ महागली, भत्ता तेवढाच. जबाबदार: माझ्या प्रत्येक पत्राला "करार उभय संमतीने झाला आहे" एवढेच उत्तर देणारे कामगार कार्यालयातले अधिकारी. आणि या सर्वांच्या आधी, मसुदा लिहिणारा मी.

वाळूजच्या त्या कारखान्यात कायद्याची भाषा येणारा कामगार मी एकटाच. महागाई भत्ता तोवर बाजारभावांच्या निर्देशांकानुसार ठरत असे. उद्या निर्देशांक घसरला तर भत्ता कापतील, या भीतीने मी कलम घातले: भत्ता स्थिर राहील, कोणत्याही परिस्थितीत कमी केला जाणार नाही. व्यवस्थापकांनी ते एक अक्षरही न बदलता मान्य केले. मला तो माझा विजय वाटला.

पत्नी मूळची पिशोरची. पैसा ती तुरीच्या डाळीत मोजायची.

"अहो, ह्या भत्त्यात डाळ किती येती?"

"आठ किलो. आणि आता कमी होणार नाही, तसे लिहूनच घेतले आहे."

"डाळवाल्याकडून बी घेतलं का लिहून?"

मी हसलो होतो.

आठाचे सहा झाले, निवृत्तीच्या वर्षी तीन. मूळ पगार थोडाफार वाढला, पण भाव त्याच्या पुढेच राहिले. ताटात वरण पातळ येऊ लागले. एकदा मी चिडलो, "हे वरण आहे की पाणी?"

"हात चुकला आज," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाटीत पुन्हा घट्ट वरण आले. मी समाधानाने पत्रे लिहीत बसलो.

ती गेली. तेराव्याला मुलगी म्हणाली, "बाबा, तळाचं घट्ट वरण आई तुमच्यासाठी काढायची. स्वतः वरचं पाणी भाकरीवर घ्यायची. तुम्हाला दिसू नये म्हणून तुमच्यामागून जेवायची."

त्याच घरात, भिंतीपलीकडे, मी कलमांचे अर्थ लावत बसलेलो असे.

माझी मागणी एकच आहे. येत्या पगाराच्या दिवशी, पाळी सुटताना, वर नोंदलेल्या तिघांनी कारखान्याच्या फाटकासमोर यावे आणि सर्वांदेखत सांगावे: हे कलम कामगाराच्या ताटातून काय काढून नेईल, हे तुम्हाला कळले होते की नव्हते? लेखी उत्तर नको. ती माझ्याकडे पुष्कळ आहेत. आधी मी बोलेन. मला कळले नव्हते, हे मोठ्याने सांगेन. मग तुम्ही बोला.