सासऱ्यांसकट तीन टन

आमच्या विभागात पहिला संगणक यायचं ठरलं, तेव्हा त्याच्या खोलीला किती टनांचा एसी लागेल हा हिशोब माझ्याकडे आला. मी हौसेनं केला. यंत्राची उष्णता धरली, पश्चिमेची तापणारी भिंत धरली, ट्यूबलाइट धरल्या. माणसं दोनच: मी आणि ऑपरेटर. बसल्या माणसाच्या अंगातून शंभराच्या बल्बाएवढी उष्णता निघते, तीही मिळवली. उत्तर आलं दीड टन.

मे लागला आणि ब्रह्मा घाटावरून सासरे यंत्र बघायला आले. वेदपाठी माणूस. सकाळी विद्यार्थ्यांना संथा द्यायची, दुपार मोकळी. दारातच थबकले.

"जावईबापू, हा तर काशीत हिमालय! सतरंजी आहे का?"

पुढं ते रोज येऊ लागले, वाटेत गंगेत डुबकी मारून. मग रामघाटावरचे स्नेही आले, स्नेह्यांचे व्याही आले. सासऱ्यांना उठा म्हणायची माझी काय प्राज्ञा? बायको म्हणायची, "बाबा जरा गारव्याला टेकले तर तुमचं काय बिघडतं?"

बिघडलं ते यंत्र. एका दुपारी अचानक बंद पडलं. विभागप्रमुख धावत आले. मी मागं जाऊन बघतो तर गरम हवा बाहेर पडायच्या जाळीवर सासऱ्यांचा ओला पंचा!

"इथं छान वाळतो," सासरे म्हणाले. "घाटावर माकडं पळवतात."

प्रमुखांनी पंच्याकडे पाहिलं, मग घोरणाऱ्या व्याह्यांकडे. नोकरी गेलीच, असं मला वाटलं. ते माझ्या कानाशी वाकले.

"ससुरजी हैं? उठाइएगा मत. हिसाब में छह आदमी और जोड़िए."

"सर, ये तो पाँच ही हैं."

"एक हमारे पिताजी."

मी हिशोब नव्यानं मांडला, पंच्यांचा दमटपणाही धरला. उत्तर आलं पावणेदोन टन. पाव टनाचा एसी मिळत नाही, म्हणून पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी दीड टनाचाच दुसरा बसला. त्या दुपारी मंडळी नेहमीसारखी पहुडली आणि थोड्याच वेळात शिंकत उठली. सासऱ्यांचा आवाज असा बसला की संथा बंद पडली. सासूबाईंनी काढा पाजला आणि मला निरोप धाडला, "यांना पुन्हा तिथं घेऊ नका." प्रमुखांचे वडील एकदाच आले, कांबळं मागितलं आणि गेले.

भर जूनमध्ये बाहेर लूच्या झळा वाहायच्या आणि आत मी नि ऑपरेटर स्वेटर घालून बसायचो. एक एसी बंद करू का, म्हणून प्रमुखांना विचारलं तर ते दुखावले.

"इतनी मुश्किल से मंज़ूर हुआ है, भाई. चलने दीजिए."