दानेलमामांची गैरहजेरी

दर रविवारी अमरावतीत आम्ही सगळे चर्चमध्ये शिरायचो आणि त्याच वेळी दानेलमामा बाहेर पडायचे. पहिल्या घंटेआधीच ते येऊन पायरीवर बसलेले असत. कोण आलं, कोण नाही, हे बघत. येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी बोलत. आत पहिलं गीत सुरू झालं की हे उठत, मोपेडच्या हँडलला कापडी पिशवी अडकवत आणि फाटकाबाहेर जात. पिशवीत कापूस, बँडेजच्या गुंडाळ्या, स्पिरिटची बाटली. तीसेक वर्षं त्यांनी मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडरकी केली होती आणि रिटायर झाल्यावर तो दवाखाना त्यांनी पिशवीत भरून घेतला होता.

मला त्यांचा राग यायचा. मी मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांचा चिटणीस, शिस्तीचा माणूस. जिल्हा परिषदेत उभी हयात आवक-जावक सांभाळलेली. एकदा फाटकातच अडवून म्हटलं, "मामा, उपासनेला पाठ दाखवून कुठं निघता? लोक नावं ठेवतात."

मामा मोपेडला किक मारता मारता म्हणाले, "आत जे आले त्यायले पाहाले पाळकसायेब हायेत. जे नाई आले त्यायले कोन पाहीन? तू पायतं का?"

मी आत गेलो आणि माझ्या ठरलेल्या बाकावर बसलो.

पुढं एका रविवारी माझी गाडी पंक्चर होती आणि मामांनी मला मागच्या सीटवर बसवून परस्पर भलतीकडेच नेलं. मिशनच्या दवाखान्यातल्या एक जुन्या मेट्रन होत्या, कधीकाळी सगळ्या वॉर्डाला धाकात ठेवणाऱ्या. भाच्याच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्या पडून होत्या. दारातूनच वास आला. मामांनी त्यांना कुशीवर वळवलं आणि पाठीवरची जखम बघून मी तोंड फिरवलं. माझी मूठ सहज बसली असती त्यात. मामा मात्र बाजारभाव सांगावेत तसे गप्पा मारत जखम धूत होते. मेट्रनबाईंनी विचारलं, "दानेल, मागच्या रविवारी प्रभुभोजन झालं ना रे?" मामा म्हणाले, "हो बाई. ती भाकर अन् द्राक्षारस देनं माह्या हातात नाई. पाठ धुनं हाये." मी बाहेर येऊन उभा राहिलो. त्या बाई आमच्या मंडळीच्या वहीत होत्या आणि त्या अशा पडल्या आहेत हे मला, चिटणिसाला, माहीत नव्हतं. 

आता त्या नियमाचं सांगतो, कारण सगळं तिथं येऊन अडलं. आमच्या कब्रस्तानात जागा संपत आली होती. पुण्या-मुंबईला गेलेले लोक वर्षानुवर्षं तोंड दाखवत नसत आणि मेल्यावर गाडीतून थेट कब्रस्तानात येत. म्हणून वार्षिक सभेत ठरलं: महिन्यातून एकदा होणारं प्रभुभोजन लेखी कारण न देता लागोपाठ तीनदा चुकवलं की वहीतून नाव कमी, आणि वहीत नाव नाही त्याला कब्रस्तानात जागा नाही. मसुदा माझा, अक्षरही माझं. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

सभेत मामा एकटेच उठले. "जे खाटीवरून उठूच शकत नाई, त्यायचं काय?"

"त्यांनी चिठ्ठी पाठवावी," मी म्हटलं.

झालं. तेव्हापासून मामा दर महिन्याला पंधरा-वीस चिठ्ठ्या घेऊन यायचे. लकवा मारलेल्यांच्या, आंधळ्यांच्या, दारू पिऊन पडलेल्यांच्याही. सगळ्या मामांच्याच अक्षरातल्या, खाली अंगठा. मी त्या फायलीला लावायचो. एकदा विचारलं, "मामा, तुमची स्वतःची चिठ्ठी?"

"माही कायची? मी कुठी गैरहजर हावो? मी कामावर हावो." हसले आणि गेले. मीही हसलो आणि त्यांच्या नावापुढं फुली मारली. नियम तो नियम.

त्यांची बायको, रिबकामामी, याच कब्रस्तानात आहे. आमच्याकडे जोडीदार गेला की शेजारची जागा मागं राहिलेल्यासाठी राखून ठेवतात आणि तिथं चुना लावलेली वीट रोवतात. मामा दर शनिवारी जाऊन ती वीट सरळ करत. मला एकदा म्हणाले, "तिले अंधारात एकटं झोपाची सवय नव्हती रे. मी तिच्या बाजूले झोपलो का झालं." एवढं एकच त्यांनी स्वतःसाठी मागितलेलं मी ऐकलंय.

मग कमल वारली. आमच्याच मंडळीत वाढलेली पोरगी. वलगावच्या प्रकाश वानखडेशी तिनं रजिस्टर लग्न केलं. तो बौद्ध, शाळेत मास्तर. लग्नानंतर ती चर्चमध्ये यायची थांबली. कोणी ये म्हटलं नाही, हेही खरं. नियम आला तेव्हा तिचं नाव कमी झालं. पुढं कॅन्सर झाला. शेवटची दोन वर्षं मामा मोपेडवर वलगावला जाऊन तिचं ड्रेसिंग करत. बाकी आमच्यातलं कोणी फिरकलं नाही.

ती गेली त्या सकाळी प्रकाश माझ्याकडे आला. दाढी वाढलेली, डोळे कोरडे. म्हणाला, "सर, आमच्या घरचे तिला आमच्या पद्धतीनं न्यायला तयार आहेत, कोणाची ना नाही. पण तिनं आपल्या आईजवळची माती मागितली होती. मी हो म्हटलं तिला."

मी त्याला नियम वाचून दाखवला. मेलेल्या बाईच्या नवऱ्याला, उभ्यानं. तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे, सर."

अर्ध्या तासात मामा हजर. "जागेचा परवाना लिह."

"कोणाच्या नावानं?"

"माह्या. रिबकाच्या बाजूची. कमलची माय तिथूनच चार पावलांवर हाये."

"मामा, ती तुमची जागा आहे. तुमचं काय मग?"

"मधात कमल राहीन, तिच्या पलीकडे मी. एवढं काय अंतर हाये ते?" मग आवाज चढला, पहिल्यांदाच. "लेका, मंडळी म्हंजे काय हजेरी हाये का? शाळा हाये का ते? पोरगी दोन वर्षं सडून राह्यली होती, तवा तुही वही कुठी होती?"

मी रागानं परवाना लिहिला आणि त्यांच्या अंगावर फेकला. कमलला संध्याकाळी माती दिली. पाळकसाहेब आले नाहीत. प्रार्थना मामांनी केली आणि वानखड्यांच्या घरची माणसं माना खाली घालून उभी होती.

पुढच्या बैठकीत मंडळीचे पंच खवळले. कोणीतरी म्हणालं, आधी या दानेलचीच हजेरी बघा. पाळकसाहेब मला म्हणाले, "वही काढा." मी काढली. नुसत्या त्या वर्षाच्या अकरा फुल्या, चिठ्ठी एकही नाही; तिसऱ्या फुलीलाच नाव जायचं, पण तोवर कोणी विचारलं नव्हतं आणि मीही काढलं नव्हतं. त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो की कारण मला तोंडी कळवलं होतं. फायलीत एक कागद मीही सरकवू शकलो असतो. मी लाल शाईनं त्यांच्या नावावर रेघ ओढली आणि तारीख टाकली. मला त्याची लाज वाटते, पण त्या दिवशी वाटली नव्हती.

वर्षभरात मामांना लकवा झाला. त्यांची मुलगी रूथ त्यांना अकोल्याला आपल्या घरी घेऊन गेली. मी एकदाच भेटायला गेलो. एक बाजू गेलेली, तोंड वाकडं, पण शब्द कळत होते. मी म्हटलं, "मामा, काळजी करू नका. तुमच्यासाठी पंचांकडून खास सूट मिळवतो."

त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. "मले रिबकाजवळ यायचं हाये. पन सूट नोको. कायदा काढ तो. कमलचं नाव लिह परत. मंग मले आन."

"आणतो," मी म्हणालो.

चार महिने मी तो विषय बैठकीत मांडला नाही. आधी नाताळची तयारी होती, मग रंगकाम निघालं. मग एका सकाळी रूथचा फोन आला. बाबा पहाटे गेले. "काका, दुपारपर्यंत सांगा. बाबा काय म्हणाले होते ते तुम्हाला ठाऊक आहे."

तातडीची बैठक झाली. दोन ठराव. पहिला, दानेलमामांना खास बाब म्हणून जागा द्यावी. तो एकमतानं मंजूर, भाषणांसकट. मामांची एवढी स्तुती मी त्यांच्या हयातीत कधी ऐकली नव्हती. दुसरा, नियम रद्द करून कमी केलेली नावं परत घ्यावीत. पाळकसाहेबांनी हात वर करायला सांगितले. मी इतिवृत्त लिहीत होतो. नावं, वेळ, सूचक, अनुमोदक. बाजूनं पाच, विरुद्ध पाच. समान मतं, ठराव बारगळला, असं पाळकसाहेब म्हणाले. तेही मी लिहिलं. खाली सही करताना ध्यानात आलं की चिटणिसालाही मत असतं. तोवर लोक चपला घालत होते.

मी रूथला फोन केला. सूट मिळाली, म्हटलं.

"आणि नियम?"

"एका मतानं राहिला."

तिनं विचारलं, "काका, तुमचा हात वर होता का?"

"मी लिहून राहिलो होतो, बेटा."

"बरं," ती म्हणाली. "मग राहू द्या."

मामांना त्याच दुपारी अकोल्यात माती दिली. मी मूर्तिजापूरला रेल्वे फाटकावर अडकलो आणि पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. मेट्रनबाईंचा भाचा आणि प्रकाश वानखडे मला वाटेतच परतताना दिसले.

अमरावतीत कमलच्या पलीकडची जागा अजून रिकामी आहे. पंच म्हणतात, ती तुम्ही घ्या. नियमात बसतं. माझं आजवर एकही प्रभुभोजन चुकलेलं नाही.