प्राणहितेवरची वरात आणि उलटी लावलेली चाकं

"ताई, वरात बैलगाडीनं नाई, इंजनाच्या डोंग्यानं नेतो," असा मधूचा निरोप आला आणि मी शाळेत रजेचा अर्ज टाकला. मधू माझा धाकटा भाऊ, सिरोंच्याच्या भातगिरणीत मिस्त्री. नवरी सरू चांद्याला माझ्या हाताखाली शिकलेली. सोयरीक मीच जुळवली, म्हणून धाकधूकही मलाच. मधू हाताचा हुशार, पण जन्मात कधी "चुकलं" म्हणाला नव्हता.

जाणाऱ्यांनी थंडीतच जावं. चांद्याहून पहाटेची मोटार धरा. आष्टीला ती नावेवर चढवून वैनगंगा ओलांडतात, तेवढ्यात पाय मोकळे होतात. आलापल्लीला आठ आण्यांत वरणभात आणि अंबाडीची भाजी पोटभर मिळाली. पुढे सागाचं जंगल. हाडं खिळखिळी झाली, तरी मी खिडकी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिरोंच्याहून वरात निघाली. सरूचं गाव प्राणहितेच्या प्रवाहाच्या उलट चार कोस, मुहूर्त गोरज. डोंग्यात, म्हणजे लाकडी नावेत, गिरणीचं जुनं डिझेल इंजिन, त्यावरून पट्टा मागच्या, पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याला. पंखा गरगर फिरावा म्हणून मधूनं इंजिनाकडे मोठं चाक लावलं होतं, पंख्याकडे लहान. गिरणीत अशानं धान लवकर भरडलं जातं.

पंखा फिरला हो! पण मागे नुसता फेस, वर काळा धूर, इंजिन धापा टाकतंय आणि काठावरचं झाड काही मागे पडेना. पहिल्याच कोसात डिझेलच्या दोन डब्यांतला एक संपला.

सुकाणूवरचे म्हातारे लच्छूभाऊ म्हणाले, "नवरदेव, पंखा पळून राह्यला, डोंगा नाई. वल्हं बी घाईनं मारलं तं पानी नुसतं फुटते. हळू, दाबून ओढा लागते."

"मले काऊन शिकवता? मिस्त्री मी आहो."

ऊन कलू लागलं. "मधू, सरू तिकडं वाट पाहून राह्यली," एवढंच मी म्हटलं.

तो फेसाकडे बघत बसला. मग बाशिंग सोडून माझ्या हातात दिलं. डोंगा काठाला बांधून त्यानं चाकांची अदलाबदल केली. दोन्ही दांडे एकाच जाडीचे होते म्हणून चाकं बसली, हे आमचं नशीब. आता पंखा हळू फिरत होता, पण जोर लावून पाणी मागे रेटत होता. इंजिन मोकळं झालं, धूर गेला, बायकांनी गाणी धरली. उरलेले तीन कोस दुसऱ्या डब्यात झाले आणि तळाशी थोडं डिझेल उरलंही.

मांडवात सरूच्या वडिलांनी उशिराचं कारण विचारलं. काळ्या हातांचा मधू म्हणाला, "चाकं मीच उलटी लावली होती. चुकलं माझं. लच्छूभाऊनं सांगतलं म्हणून पोचलो." सगळे हसले, सरूसुद्धा.

चांद्याला परतले तेव्हा ह्यांनी विचारलं, "लग्न कसं झालं?" मी जेवणावळ, आहेर सगळं बाजूला ठेवून आधी मधूचं ते "चुकलं माझं" तेवढंच सांगितलं. "मधू म्हणाला? सगळ्यांसमोर?" ह्यांचा विश्वास बसेना. मी हो म्हटलं, आणि हसता हसता माझेच डोळे भरून आले. सरूचं मी भलं केलं, असं त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं.